सहा पुस्तकं आणि शेजारची खाट

१२ जानेवारी

मोठ्या बाईंनी आज मला त्यांच्या खोलीत बोलावलं. ग्रंथालयात लागून मला पाच महिने झाले. याआधी एकदाच बोलावणं आलं होतं, मी पाककृतींची सगळी पुस्तकं रसायनशास्त्राच्या कपाटात लावली होती तेव्हा. त्यामुळे आत जाताना काल लावलेली कपाटं मनात तपासून घेतली.

"प्रोग्रामिंग शिकायचं पुस्तक मागायला महिन्यात आठ-दहा जण येतात. आपण त्यांना काय देतो?" बाईंनी विचारलं.

"एकच आहे बाई. माझ्या वयाचं असेल ते."

"तेच म्हणते मी. सहा नवी घ्यायची आहेत. निवड तू कर. संगणक बिघडला की या इमारतीतले सगळे लांब पळतात, तू एकटीच त्याच्या दिशेने जातेस."

खिडकीजवळचा एक अख्खा कप्पा माझ्या ताब्यात आलाय! आमच्या घरात आई सातवीपर्यंत शिकली, बाबा चौथीतून बाहेर पडले. बाबा पुस्तकं बांधतात. वीस वर्षांत या ग्रंथालयाचं जवळजवळ प्रत्येक पुस्तक त्यांच्या हाताखालून गेलंय, पण त्यातलं एकही त्यांनी वाचलेलं नाही. आणि आता लोकांनी काय वाचून शिकावं ते त्यांची मुलगी ठरवणार.

टिटवीला लगेच कळवलं. टिटवी म्हणजे माझी कॉलेजातली मैत्रीण. अखंड बोलते म्हणून हे नाव, आणि ते मीच ठेवलंय. निकालाच्या दिवशी आम्ही दोघींनी जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायचं एकच पुस्तक घेतलं, तिची एक प्रत, माझी एक. शिकायचं आणि एकाच कंपनीत शेजारी शेजारी बसून काम करायचं, असं ठरलं होतं. तिच्या मामाची ओळख होती, म्हणून ती आधी शहरात गेली. कंपनीत लागलीसुद्धा. मला इथे नोकरी मिळाली आणि घरी पगाराची गरज होती. पण कंपनीची शिकाऊ लोकांसाठीची परीक्षा जूनमध्ये असते. टिटवीच्या खोलीत दुसरी खाट आहे. ती म्हणते, "तुझ्यासाठी राखून ठेवलीय, त्यावर मी नुसते कपडे टाकते."

तिचं उत्तर आलं: "वा मास्तरीणबाई! आता गावाला शहाणं करा."

१५ जानेवारी

पुस्तकवाला पसंतीसाठी दोन गठ्ठे ठेवून गेलाय. सत्तावीस पुस्तकं आहेत आणि आठ दिवसांत परत द्यायची आहेत. मी माझी पद्धत ठरवली. मुखपृष्ठ बघायचं नाही, मागच्या पानावरची स्तुती वाचायची नाही. पहिलं प्रकरण वाचायचं, त्यातलं उदाहरण संगणकावर तसंच्या तसं करून बघायचं आणि कुठे अडतं ते टिपायचं. एका पुस्तकाचा लेखक चौथ्याच पानावर "हे तर उघडच आहे" म्हणतो. ते बाजूला ठेवलं. ज्याला उघड दिसतं त्याने शिकवू नये.

घरी आईवर प्रयोग केला. जावातला पहिला प्रोग्राम तिला वाचून दाखवला. पडद्यावर एक शब्द उमटवायचा आहे, त्यासाठी पाच ओळी.

"एक शब्द बोलायला एवढं?" आई म्हणाली. "तुझी आत्यासुद्धा एवढी प्रस्तावना करत नाही."

"अगं, शिस्त असते त्यात."

"आणि ते दुसरं? त्यात तर एकच ओळ दिसतेय."

ते पायथन या दुसऱ्या भाषेचं होतं. मी म्हटलं, सोपं आहे म्हणून चांगलं असं नसतं. आईने मान हलवली आणि परत शिवणयंत्राला लागली. तिला पटलं असावं.

२३ जानेवारी

यादी दिली. बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. त्या चष्मा वर करून बघतात तेव्हा कागद नाही, माणूस वाचतात.

"सहाही जावाचीच?"

मी रात्रभर घोकलेलं सगळं सांगितलं. नवशिक्याने भाषांच्या मागे भटकू नये. एका विहिरीत खोल उतरलं की पाणी लागतं, सहा खड्डे खणून लागत नाही. आणि मोठ्या कंपन्यांत हीच भाषा चालते.

"तू किती कंपन्या पाहिल्यास?"

"एक. म्हणजे, माझ्या मैत्रिणीने पाहिलीय."

बाईंनी चष्मा परत नाकावर उतरवला. मग सही केली. "विहीर तुझी, पोहरा तुझा," म्हणाल्या. "आता पाणी लोकांना पुरव म्हणजे झालं."

निवड अगदी तटस्थपणे केली याचं मला समाधान आहे.

३० जानेवारी

पुस्तकं परवा आमच्या घरी आली. ग्रंथालयाचा नियमच आहे, नवं पुस्तक आधी बाबांकडे येतं, बांधून होतं आणि मगच कपाटात जातं. फार वर्षांपूर्वी एका कादंबरीची पानं सुटली आणि शेवटचं प्रकरणच हरवलं. निम्मं गाव खुनी कोण ते विचारत फिरत होतं. तेव्हापासून हा नियम.

बाबांनी सहाही पुस्तकं ओळीने मांडली आणि प्रत्येकाच्या कण्यावर अंगठा दाबून पाहिला. "नुसता गोंद आहे. चार हातांत फिरलं की पानं मोकळी," ते म्हणाले.

"मग?"

"मग काय! माझ्या मुलीने निवडलेली आहेत. हत्तीने ओढलं तरी सुटायची नाहीत."

दोन दिवस त्यांनी दुसरं काम हातात घेतलं नाही. दोऱ्याला मेण लावलं, दाभणाने कण्याच्या कडेने आरपार भोकं पाडली आणि दुहेरी शिवण घातली. वर जाड पुठ्ठा आणि निळं कापड. एरवी ते तपकिरी कापड वापरतात. आई मला हळूच म्हणाली, "निळं कापड त्यांनी कधीचं जपून ठेवलं होतं."

१० फेब्रुवारी

कप्पा लावला. दुपारपर्यंत सहाही पुस्तकं गेली! औषधाच्या दुकानातली मुलगी, निवृत्त नकाशेकाका, जुळ्या बहिणी, शाळेच्या कार्यालयातल्या कारकूनबाई आणि खोकी बनवण्याच्या कारखान्यातला एक माणूस. तो विचारत होता, "पायथनचं नाही का?" मी त्याला विहिरीची गोष्ट सांगितली. त्याने निमूट जावाचं नेलं.

टिटवीला लिहिलं. तिचं उत्तर संध्याकाळी आलं: "भारीच! बोलून बोलून घसा बसलाय गं आज, उद्या लिहिते." मला वाटायचं प्रोग्रामर गप्प बसून काम करतात. बैठका बऱ्याच असणार त्यांच्या.

१९ फेब्रुवारी

पाच पुस्तकं परत आली. मुदत पंधरा दिवसांची आहे. एकजण तर दुसऱ्याच दिवशी परत करून गेला. मी विचारलं, "आवडलं नाही का?" उत्तरं अशी: "बघू परत कधी." "वेळ नाही मिळत." "चांगलं आहे, पण जमेना." कोणी धड सांगत नाही.

माणसांना शिकायचं आहे असं नुसतं म्हणायचं असतं का? मी रोज सकाळी कामावर यायच्या आधी एक तास बसते. माझ्या स्वतःच्या प्रतीतली सहा प्रकरणं झाली. ती प्रत दप्तरात फिरून फिरून मऊ झालीय, जिथे ठेवाल तिथे लोळण घेते. या लोकांना मी सोन्यासारखी सहा पुस्तकं दिली आणि त्यांना दहा दिवस धीर नाही.

४ मार्च

आज मी नकाशेकाकांना बोलले. ते वाचनखोलीतल्या संगणकापाशी बसले होते. पुस्तकाच्या एका बाजूवर जेवणाचा डबा, दुसऱ्या बाजूवर चपलेची पिशवी!

"काका, पुस्तक आहे ते. फडताळ नाही."

"माहीत आहे बाई. पण हा पैलवान ऐकत नाही," काका म्हणाले.

"कोण पैलवान?"

त्यांनी नुसता डबा उचलला, पुस्तक मिटलं आणि मला देऊन टाकलं. चेहरा उतरला होता त्यांचा. मला वाईट वाटलं, पण शिस्त म्हणजे शिस्त. आयुष्यभर नकाशे काढलेल्या माणसाला कागदाची कदर नसावी याचं नवल वाटतं.

टिटवीचं आठ दिवसांत काही नाही. त्याआधी तिला सातव्या प्रकरणातलं उदाहरण विचारलं, तर एवढंच आलं होतं: "कामात आहे गं, तू हुशार आहेस, सुटेल तुला." सुटलं. पण सुटल्यावर शेजारी वळून "बघ!" म्हणायला कोणी नव्हतं. कॉलेजात गणित सुटलं की उजवीकडे बसलेली ती माझ्या दंडाला चिमटा काढायची. दुखायचं. हल्ली काही सुटलं की दंडाकडे लक्ष जातं.

९ मार्च

औषधाच्या दुकानातली मुलगी पुन्हा नेलेलं पुस्तक घेऊन आली. मी विचारायच्या आतच म्हणाली, "ताई, रागावणार नसशील तर एक सांगू? पुस्तक मिटतं."

"म्हणजे?"

"उघडून ठेवलं की खाड्कन मिटतं. सुसरीच्या जबड्यासारखं. एक हात त्यावर दाबून ठेवला तर टाइप एकाच हाताने करायचं. ते महिरपी कंस तर दोन कळा एकदम दाबल्याशिवाय उमटत नाहीत. मी आईला पुस्तक धरून बसवलं, तर ती पंधरा मिनिटांत पेंगली. आणि शिवणीजवळचे शब्द तर दिसतच नाहीत, आत गेलेत."

मी तिथेच एक पुस्तक उघडलं. हात काढला. मिटलं. दुसरं. मिटलं. कादंबरी दोन हातांनी धरून वाचतात. हे पुस्तक टेबलावर उघडं पडायला हवं, हात मोकळे सोडायला हवं. सत्तावीस पुस्तकं तपासली मी. पण तपासली तेव्हा ती बांधलेली नव्हती.

नकाशेकाकांच्या घरी जाऊन माफी मागून आले. ते म्हणाले, "अगं, मी त्यावर इस्त्रीसुद्धा ठेवून बघितली. गार असलेली. कबूल करतो."

१० मार्च

बाबांना कसं सांगू?

१४ मार्च

सांगितलं. बाबा एका शब्दकोशाला खळ लावत होते. मी निळं पुस्तक त्यांच्यासमोर उघडून ठेवलं आणि हात काढला. ते मिटलं.

"बघितलंत?"

"काय बघायचंय? घट्ट आहे."

"तेच बाबा. घट्ट आहे." मग सगळं सांगितलं, सुसर सोडून.

बाबांनी ब्रश पाण्यात बुडवून ठेवला. स्वतः पुस्तक उघडलं, हात काढला. पाच-सहा वेळा तेच केलं. प्रत्येक वेळी ते मिटलं. "वीस वर्षांत असं गाऱ्हाणं आलं नाही," ते म्हणाले.

"कारण आजवर कोणी पुस्तक वाचता वाचता दोन्ही हातांनी काम करत नव्हतं."

"उसवायची म्हणजे सगळी?"

मी मान डोलावली. बाबा बराच वेळ शिवणीवरून नख फिरवत बसले. मग म्हणाले, "तुझं स्वतःचं कुठंय? ते मऊ झालेलं? दे इकडे, त्याला तरी नीट बांधतो, पार पिंजलंय."

"नको बाबा. ते तसंच बरं आहे. मला घेऊन जायचंय ते."

"कुठे?"

तोंडातून निघून गेलं होतं. मग परीक्षा, कंपनी, टिटवीची खाट, सगळं सांगावं लागलं. आई यंत्र थांबवून ऐकत होती. बाबा म्हणाले, "बरं." आणि शब्दकोशाकडे वळले. ब्रश पाण्यातून काढून तसाच निथळता लावला, म्हणून खळ पातळ झाली आणि ओघळली. बाबांचा हात कधी असा चुकत नाही. पुस्तकांचं त्यांना फारच लागलेलं दिसतंय.

२ एप्रिल

तीन आठवडे बाबा संध्याकाळी जुन्या टेलिफोन डिरेक्टरीच्या मागे लागलेत. ग्रंथालयाने टाकून दिलेल्या चौदा होत्या. त्यातल्या अकरा संपल्या. कण्याचा गोंद कापायचा, पानं सुटी करायची आणि काहीतरी करून बघायचं. मी विचारलं की म्हणतात, "तू तुझं प्रकरण वाच."

आज त्यांनी बोलावलं. पानांचा गठ्ठा फळीत आवळला, कडा पंख्यासारखी एका अंगाला वाकवली आणि पांढरा गोंद लावला. मग दुसऱ्या अंगाला वाकवून परत. प्रत्येक पान शेजारच्या पानाला केसभर चिकटलं. वरून मऊ कापडाची पट्टी. पुठ्ठ्याचा कणा मात्र पानांना चिकटवला नाही, मध्ये पोकळी सोडली.

आधीच बांधून वाळलेली बारावी डिरेक्टरी त्यांनी माझ्यासमोर टाकली. मी मध्येच उघडली. पडून राहिली. दुसरीकडे उघडली. पडून राहिली.

"ओढ पान," बाबा म्हणाले. मी ओढलं. निघालं नाही.

"बाबा, हे कुठे शिकलात?"

"कुठे शिकणार? अकरा वेळा चुकलो." मग थोड्या वेळाने, गोंदाची बाटली बंद करता करता म्हणाले, "घट्ट धरलं नाही तरी राहतात पानं. मला वाटलं नव्हतं."

आई उगाचच नाक शिंकरत आत गेली. गोंदाचा वास तिला सोसत नाही.

१८ एप्रिल

सहाही पुस्तकं नव्या बांधणीत गेली आणि परत आली नाहीत. मुदतवाढ, मुदतवाढ, मुदतवाढ. जुळ्या बहिणींना या खेपेला एकच प्रत मिळाली, त्यांची भांडणं लागलीत, दुसरी हवी म्हणतात. नकाशेकाकांनी खोल्यांचं क्षेत्रफळ काढायचा प्रोग्राम लिहिला आणि त्यात मोठ्या बाईंच्या खोलीचं माप घातलं. उत्तर वजा आलं. बाई म्हणाल्या, "मला वाटतच होतं."

खोक्यांच्या कारखान्यातला माणूस मात्र आला नाही. वाटेत भेटला. त्यांच्या नव्या यंत्राला पायथन लागतं, तेवढंच त्याला शिकायचं होतं. "तुम्ही इतकं जीव तोडून सांगितलंत, मग नाही म्हणवेना," म्हणाला.

घरी येऊन ही वही उघडली आणि २३ जानेवारीचं पान वाचलं. "तटस्थपणे." टिटवीची कंपनी जावा वापरते असं तिने एकदा सांगितलं होतं, म्हणून सहा विहिरी एकाच ठिकाणी खणल्या मी. अख्ख्या गावाला माझ्या मैत्रिणीची भाषा शिकायला बसवलं. उद्या बाईंना सांगून दोन पुस्तकं पायथनची मागवते. खोक्यांच्या कारखान्यात स्वतः नेऊन देईन.

२१ मे

परीक्षेचं पत्र आलं, ७ जून. टिटवीला फोन केला. लागला नाही. मग तिचा निरोप: "ये. घ्यायला येते." तीनच शब्द. टिटवीचे तीन शब्द म्हणजे दुसऱ्या कोणाचं मौनव्रत. परीक्षेचा ताण तिला माझ्याहून जास्त आलाय बहुतेक.

६ जून, टिटवीची खोली

जिने चढताना तिने माझी पिशवी घेतली होती. बस थांब्यापासून इथवर एकदाही बोलली नाही. खोली अरुंद आहे. दोन खाटा, मध्ये खिडकी, खिडकीतून समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी. दुसरी खाट खरंच रिकामी होती. तिने त्यावर धुतलेली चादर घातली होती, कोपरे ओढून.

फळीवर आमचं जावाचं पुस्तक होतं, माझ्याकडे आहे तेच. मी आनंदाने ओढून काढलं. त्यावर अजून दुकानातलं प्लास्टिक होतं.

"ही दुसरी प्रत?" मी विचारलं.

"नाही."

"मग?"

"तीच."

मी खाटेवर बसले. ती उभीच राहिली.

"टिटवे, तू करतेस काय कंपनीत?"

"ग्राहकांच्या तक्रारी घेते फोनवर. पहिल्या दिवसापासून. कानाला ते यंत्र लावून आठ तास. 'आपली गैरसोय झाली त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' घसा उगाच बसतो का?"

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? तू रोज लिहायचीस, हे प्रकरण झालं, ते झालं. मी कामावरून यायचे तेव्हा डोकं भणभणत असायचं. म्हटलं उद्या उघडू. मग तू सातव्यावर गेलीस. मग बाराव्यावर. नंतर उघडायचीच लाज वाटायला लागली. मागे पडलेल्याने किती धावायचं गं?"

"आणि जावा? कंपनी जावा वापरते म्हणालीस ते?"

"उपाहारगृहाच्या भिंतीवर एक कागद लावला होता, त्यावर वाचलं. म्हणजे खरंच वापरतात," ती घाईने म्हणाली. "ते खोटं नाही."

मला हसू आलं. मग तिलाही आलं. हसता हसता तिचे डोळे भरले आणि ती भिंतीकडे वळली. म्हणाली, "मी महिनाअखेरीला घरी जातेय. दादाच्या दुकानात बसेन. दोन्ही खाटा तुझ्या."

"मला दोन्ही कशाला?"

 तिने मला उजळणी करायला बसवलं आणि स्वतः बाहेर जिन्यात जाऊन बसली, माझं लक्ष विचलित नको म्हणून. दाराखालून तिची सावली दिसतेय. मला ती आत हवी आहे.

७ जून

पेपर बरा गेला. मग तोंडी. समोर तिघं. एक म्हणाले, "ज्याला काहीच येत नाही अशा माणसाला पुनरावृत्ती समजावून सांगा." मी क्षणभर थांबले आणि मग सांगायला लागले. त्यांना नाही, त्यांच्या उजवीकडच्या रिकाम्या खुर्चीला. "हे बघ, कपडे वाळत घालताना बादली रिकामी होईपर्यंत तू तेच करतेस ना? एक उचल, झटक, टाक." मध्येच ध्यानात आलं की मी "तू" म्हणतेय. त्यांनी थांबवलं नाही.

टिटवी फाटकाबाहेर उभी होती, रजा टाकून. "काय विचारलं?" तिने विचारलं. मी सांगितलं. "बादलीचं कळलं मला," ती म्हणाली.

२८ जून

निवड झाली. एक ऑगस्टला रुजू व्हायचं. आईने मला कवटाळलं, मग चार घरी सांगून आली. मोठ्या बाई म्हणाल्या, "कप्पा कोणाच्या हवाली करतेस?" मी म्हटलं, औषधाच्या दुकानातल्या मुलीला विचारा. ती पुस्तक उघडून, हात सोडून बघते.

बाबांनी पत्र हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि मला वाचून दाखवायला सांगितलं. वाचून झाल्यावर म्हणाले, "परत वाच." तीनदा वाचायला लावलं. शेवटच्या खेपेला ते ऐकत नव्हते, माझ्याकडे बघत होते.

१६ ऑगस्ट

कंपनीत पंधरा दिवस झाले. माझ्या शेजारी एक गंभीर मुलगा बसतो, शिंकतानासुद्धा परवानगी मागेल असा. काम आवडतं. चुका होतात, सापडतात. सापडल्यावर मी अजून उजवीकडे वळते.

टिटवी गेली त्याला दीड महिना झाला. तिची चादर मी घडी करून पायथ्याशी ठेवलीय. तिच्या खाटेवर कपडे टाकत नाही. फळीवर पुस्तकाची जागा मोकळी आहे. ते ती घेऊन गेली. मला वाटलं आठवण म्हणून नेलं असेल. तिच्याकडून तेव्हापासून चकार शब्द नाही, आणि मी विचारलं तर तिला परीक्षा घेतल्यासारखं वाटेल म्हणून मीही विचारलेलं नाही.

आज रविवार. सकाळी कपडे धुवून वर आले तर तिचा निरोप होता. आधी एक फोटो: दुकानाच्या गल्ल्यावर उघडं पुस्तक, शेजारी दादाचा जुना संगणक आणि पडद्यावर एकच शब्द, "टिटवी". खाली लिहिलं होतं:

"पहिलं प्रकरण झालं. सात आठवडे लागले, हसू नकोस. दुसरं सुरू करू, की तू येईपर्यंत वाट बघू?"

डिसेंबरपर्यंत मला रजा नाही. ओले कपडे तसेच खाटेवर राहिले. मी तो निरोप इतक्यांदा वाचला की पडदा विझायचा आणि मी परत बोट लावायची. "वाट बघ" असं दोनदा लिहिलं. दोनदा पुसलं.

मग लिहिलं: "सुरू कर. अडलीस की फोन कर. दुसऱ्यात अडतंच."

तिने लगेच हो म्हटलं. मी कपडे वाळत घातले, एकेक झटकून. फोन खिडकीत ठेवलाय, आवाज पूर्ण मोठा करून. दुपार होत आली. दुसऱ्या प्रकरणात तिसऱ्या पानावरच अडतं, मी अडले होते. ती अजून अडलेली नाही.